उलट्या हाताच्या नसीमबाई

कुठल्याही लोखंडी वस्तूला आधी उलटा हात लावून पाहायचा आणि मगच ती धरायची, ही माझी सवय आहे. नळ असो, कपाट असो, एसटीचा दांडा असो. भद्रावतीच्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. तिथल्या एका बाईंनी परवा मला स्टाफरूमचं कपाट उघडताना पाहिलं आणि विचारलं, "काऊन जी मॅडम, कपाटाले ताप आला का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्या हसण्यात मला चाळीस पोरांच्या हसण्याचा आवाज ऐकू आला, आणि आमच्या गावच्या शाळेच्या दारात उभ्या असलेल्या नसीमबाई दिसल्या.

त्या आमच्याकडे रुजू झाल्या त्या दिवशी पाऊस होऊन गेलेला होता. शाळा गडचिरोलीच्या जंगलात, सातवीपर्यंतची. बाई उंच, हडकुळ्या, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, पायात काळ्या रबरी चपला. दाराशी आल्या, थांबल्या, आणि कडीला बोटांच्या मागच्या बाजूनं हलकेच शिवल्या. मग कडी काढली. आत येऊन खिडकीच्या गजाला उलटा हात. पाण्याच्या टाकीच्या तोटीला उलटा हात. घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यालाही. आम्ही तोंडावर हात ठेवून हसत होतो. विनोद नावाचा दुसरीतला पोरगा तर त्यांच्या मागं मागं जाऊन प्रत्येक वस्तूला तसाच हात लावत होता. बाई वळल्या. आता मार बसणार असं आम्हाला वाटलं.

"शाबास," त्या म्हणाल्या. "पण पोरा, मनगट सैल सोड. वीज हातात आली का मूठ आपोआप वळते. सरळ हात असन तर तार मुठीत बसते, सुटत नाई. उलटा असन तर हात मागं फेकल्या जाते. हा काई इलाज नोहे. इलाज म्हणजे शिवाचंच नाई. ही फक्त शेवटची सवय आहे."

त्या मूळच्या वरोऱ्याच्या. वडिलांचं मोटारी दुरुस्तीचं दुकान होतं, एवढं त्या सांगायच्या. त्यापुढं काही विचारलं की फळा पुसायला लागायच्या.

गावात त्यांनी नामदेवभाऊंच्या घरची पुढची खोली भाड्यानं घेतली. विनोद नामदेवभाऊंचाच मुलगा. गावाच्या कडेला शेवटचं घर त्यांचं, आणि त्यांच्या अंगणापासूनच धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सुरू व्हायच्या. बांध्यांच्या पलीकडे आमचा गोंडांचा टोला, म्हणजे आमची वेगळी वस्ती. टोल्यावरून शाळेत यायचं तर बांध्यांमधल्या पाळीवरूनच यावं लागायचं. पाळ म्हणजे मातीचा अरुंद बांध, एका वेळी एकच माणूस चालेल असा. आम्ही टोल्यावरची पोरं मुंग्यांसारखी एकामागे एक यायचो.

बाईंचा विज्ञानाचा तास बहुतेक वेळा पुस्तकाबाहेरच व्हायचा. वर्गाच्या खिडकीत त्यांनी दगड मांडून ठेवले होते. जांभा, चुनखडी, गारगोटी, आणि एक कोळशाचं ढेकूळ. हे ढेकूळ त्या सगळ्यांच्या हातात देत. हात काळे झाले की म्हणत, "हे मेलेलं जंगल आहे. माणूस नोयता तवाचं. जमिनीत गाडल्या गेलं, वरून दगडमाती पडली, दबून दबून असं झालं. त्यानं तवा जे ऊन खाल्लं होतं ते अजून पोटात आहे. चंद्रपूरले त्याले जाळतात, पाण्याची वाफ करतात, वाफ चाक फिरवते, चाकानं वीज होते. ते ऊन मंग तारेतून निघते."

"कुठी जाते?" कुणीतरी विचारलं.

बाईंनी खिडकीतून बोट दाखवलं. डोंगराच्या अंगानं मोठ्या लाइनचे मनोरे उभे होते, सागाच्या डोक्यावरून तारा गेलेल्या. "जंगलातून जाते," त्या म्हणाल्या. "मेलेलं जंगल जित्या जंगलावरून जाऊन राह्यलं. आवाज आयकला का कवा?"

आम्ही सगळ्यांनी ऐकला होता. दमट दिवसांत त्या तारा किड्यांसारख्या किरकिरायच्या. त्या दिवसानंतर मी त्यांच्याखालून जाताना कान झाकून पळायची.

शिकवण्यात त्या भीती घालत होत्या असं नाही. त्या जे खरं होतं तेच सांगत, पण इतक्या हळू आवाजात की अंगावर काटा यायचा. "दिसत नाई," हा त्यांचा आवडता शब्द. "चुंबकाची ओढ दिसत नाई. वीज दिसत नाई. तिनं काय केलं ते दिसते. आणि ते दिसेपर्यंत कवा कवा उशीर होते."

टोल्याच्या मागच्या टेकडीवर आमच्या पेनाचं ठाणं आहे, म्हणजे आमच्या देवाची जागा. मोहाच्या झाडाखाली एक काळा, जड दगड. त्याची पूजा माझा आजा करायचा. बाईंना कळलं की त्या टेकडीवर लोखंडी दगड सापडतात. त्या एका दुपारी आजाकडे आल्या आणि अंगणाबाहेर उभं राहून विचारलं, "बाबा, पोरं घेऊन वर येऊ का? काई तोडणार नाई. शिवणार बी नाई."

आजानं त्यांच्या पायांकडे पाहिलं. "चपला खाली काढ," तो म्हणाला. एवढीच परवानगी.

बाईंकडे डबीएवढं होकायंत्र होतं. टेकडीच्या पायथ्याशी सुई मुकाट्यानं उत्तर दिशा दाखवत होती. आम्ही चढत गेलो तशी ती थरथरायला लागली. मोहापाशी पोचलो तेव्हा ती हळूच वळली आणि त्या काळ्या दगडाकडे तोंड करून थांबली. बाई दगडाच्या दुसऱ्या बाजूला गेल्या. सुई पुन्हा फिरली, पुन्हा दगडाकडेच. झाडावरून एक पान पडलं तर दोन पोरी दचकल्या.

"दगडात लोखंड आहे," बाई म्हणाल्या. "या जातीचा दगड आपसूक चुंबक असते. कोणी बनवला नाई. म्हणून सुई त्याचं आयकते."

आजा झाडाला टेकून बसला होता. "आमाले हे माहीतच होतं, मास्तरीनबाई," तो म्हणाला. "इथी माणसाचं डोकं फिरते. सुईचं काऊन नाई फिरणार?"

बाई हसल्या. त्यांना मोठ्यानं हसताना मी तेव्हाच पाहिलं. खाली उतरल्यावर त्यांनी होकायंत्र आजाच्या हातात दिलं. आजानं ते कानाला लावून पाहिलं.

त्या दोघांचं असं जमायचं. पण गावाला बाईंची भीती वाटायला लागली ती ट्यूबलाइटमुळे. शाळेतली एक ट्यूब गेली होती. बाईंनी ती काढून घेतली आणि दिवस मावळताना आम्हाला डोंगराच्या अंगाला नेलं. लाइनखाली एक उघडा उंचवटा होता. आम्हाला त्यांनी लांब बसवलं. उजेड जाऊ लागला तशा बाई एकट्याच त्या उंचवट्यावर गेल्या, ट्यूब काठीसारखी उभी धरली आणि थांबल्या. कुठं तार जोडलेली नाही, बटण नाही. अंधारून आलं आणि त्यांच्या हातात ती ट्यूब उजळली. पांढरी नाही. निळसर, आजारी माणसाच्या नखासारखी. त्या उजेडात बाईंचा चेहरा दिसत होता, बाकी अंग दिसत नव्हतं. विनोद माझ्या पाठीमागे लपला होता.

"ट्यूब मेली नोयती," बाईंचा आवाज आला. "तिचं बटण मेलं होतं. वर तारेत एवढा जोर आहे का तिच्याभोवतीची हवा बी रिकामी नाई. म्हणून सांगतो, तारेले शिवलो नाई म्हणजे तारेपासून दूर आहो, असं समजू नका."

दुसऱ्या दिवशी गावात चर्चा. मास्तरीनबाई मेलेले दिवे उठवते. त्यात भर म्हणून त्यांचा रेडिओ. खिशातला लहानसा ट्रान्झिस्टर, त्या रोज सकाळी तो हातात घेऊन पाळीवरून फिरायच्या. गाणं नाही, बातम्या नाहीत. नुसती खरखर. बाया म्हणायच्या, मेलेल्या नवऱ्याशी बोलते. त्यांचं लग्नच झालं नव्हतं हे नंतर कळलं, तरी बाया ऐकेनात.

आजानं मात्र तोंडावर विचारलं. "तू पोराईले सांगते, ऊर्जा मरत नाई, रूप बदलते. मंग माणूस मेला का त्याची कुठी जाते?"

बाई म्हणाल्या, "अंगातली गरमी हवेत जाते, बाबा. बाकीची मातीत जाते. किडामुंगी खाते, झाड खाते."

"आणि जे बोलत होतं ते?"

"ते माह्या पुस्तकात नाई."

"मंग रेडिओत हाय का?"

बाईंनी रेडिओ त्याच्या हातात दिला आणि त्याला नामदेवभाऊंच्या बांधीपर्यंत नेलं. मी मागं होते. पाळीवर मध्यापर्यंत गेलो आणि खरखरीच्या खालून एक गुरगुर निघाली, झोपलेल्या जनावरासारखी. एक पाऊल मागं घेतलं की कमी. पुढं टाकलं की जास्त. पुढे, गुडघ्याएवढ्या खुंट्यांवर, एक उघडी तार वाटेला आडवी गेलेली होती. धुक्यात ती कोळ्याच्या धाग्यासारखी दिसत होती.

"करंट," आजा म्हणाला, आणि थुंकला.

हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. रानडुकरं रात्रीतून उभं धान लोळवतात. म्हणून लोक संध्याकाळी खांबावरच्या तारेवर आकडा टाकतात आणि बांधीभोवती उघडी तार फिरवतात. सकाळी काढतात. गुन्हा आहे, माणसं मरतात, वाघ मरतात, तरी लावतात. आमच्या गावात त्याची एक खूण ठरलेली होती. तार लावली की पाळीच्या दोन्ही तोंडांशी पळसाची हिरवी डहाळी रोवायची. तार काढली की डहाळी काढायची. डहाळी दिसली की लहान पोरही थांबायचं. नामदेवभाऊ ही खूण कधी चुकायचे नाहीत. पण तार काढायला त्यांना कधी कधी उशीर व्हायचा.

बाईंनी त्या दिवशी त्यांना अंगणात गाठलं. "भाऊ, तुमच्या तारेवरून टोल्याची सारी पोरं येतात. एक दिवस एखादं राहीन तिथंच."

नामदेवभाऊ बैलाला चारा घालत होते. माणूस वाईट नव्हता. बाईंकडून त्यांनी पहिल्या महिन्याचं भाडं घेतलं नव्हतं. "डहाळी रोवतो ना बाई."

"डहाळी म्हणजे तार बंद करायचं बटण नोहे."

"मंग डुकराले तुमचं विज्ञान शिकवा. तो आयकला का मी तार काढतो." आणि नंतर, मान न वळवता, "माहाच पोरगा त्याच वाटेनं खेळून राह्यला. मले का समजत नाई?"

दुसऱ्या दिवशीपासून बाईंनी आमचा नवा खेळ सुरू केला. वर्गात, मैदानात, वाटेवर, कधीही त्या ओरडायच्या, "दगड!" की सगळ्यांनी जिथं आहे तिथं थांबायचं. पाय हलवायचा नाही. हात छातीशी. शेजाऱ्याला शिवायचं नाही. डोळ्यावर माशी बसली तरी नाही. त्या म्हणायच्या, "दगडाले घाई नसते. ऊन, पाणी, थंडी खात राहते. मंग हळूहळू फुटते, भुगा होते, माती होते." मग स्वतःच "माती!" म्हणायच्या आणि आम्ही मोकळे व्हायचो. जेवताना दगड. प्रार्थनेत दगड. विनोद एकदा शू करता करता दगड झाला होता. गाव हसायचं. त्या वर्षी आम्ही इतके पटाईत झालो की बाईंच्या तोंडातून 'द' निघाला की चाळीस पोरं गोठायची.

पोळा झाला. आमच्याकडे पोळ्याला प्रत्येक दारापाशी पळसाच्या डहाळ्या रोवतात. त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी उजाडताच पोरांनी घरोघरचे मेढे उपटायचे, "घेऊन जा गे मारबत" असं ओरडत शिवेबाहेर न्यायचे आणि जाळायचे. रोगराई, पीडा, सगळं त्यांच्याबरोबर जातं. मोठी माणसं आदल्या दिवसाच्या दमानं झोपलेली असतात. ही सकाळ पोरांची असते.

टोल्यावरची आम्ही पोरं त्या रात्री गावातच झोपलो होतो. आम्ही गावातलं एकही दार सोडलं नाही. नामदेवभाऊंचं घर शेवटचं. त्यांच्या दारचा मेढा उपटला. आणि पुढं पाळीच्या तोंडाशी आणखी एक हिरवी डहाळी होती.

"हा कोणाचा राह्यला बे?" सातवीतला एक पोरगा म्हणाला आणि त्यानं ती उपटली.

आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. एकाच्याही मनात आलं नाही. त्या सकाळी पळसाची डहाळी म्हणजे मेढा, दुसरं काही नाही. आम्ही शिवेवर ढीग केला, पेटवला, ओला धूर डोळ्यांत जाईपर्यंत नाचलो. मग कुणीतरी म्हणालं, चला, आता टोल्यावरचे मेढे आणू. आणि सगळे पाळीकडे पळालो. पाळीच्या तोंडाशी डहाळी नव्हती. डहाळी नाही म्हणजे तार नाही. विनोद सगळ्यांत पुढं होता.

धुकं होतं. मला फक्त माझ्या पुढच्या पोरीची पाठ दिसत होती. ओरडत, एकमेकांना ढकलत आम्ही चाललो होतो, आणि मागून, लांबून, आवाज आला.

"दगड!"

मी थांबले. पुढची पाठ थांबली. सगळा गोंगाट असा तुटला की शिवेवरच्या धुरातलं लाकूड तडकलेलं ऐकू आलं.

मान न हलवता मला जेवढं दिसत होतं तेवढं मी पाहत होते. वाऱ्यानं धुकं थोडं सरकलं. पाळीवर लहानमोठी पोरं ओळीनं उभी होती, हात छातीशी, राखाडी. आमच्या टोल्याबाहेर मेलेल्या माणसांच्या नावानं उभे केलेले दगड आहेत, लहान माणसाचा लहान, मोठ्याचा मोठा. पहाटे ते असेच दिसतात. मला वाटलं आपण मेलो आहोत आणि अजून कळलेलं नाही.

"कोणी हलायचं नाई," बाईंचा आवाज जवळ आला होता. त्यात धाप होती. "दगड म्हणजे दगड. नामदेवभाऊ! आकडा काढा! आकडा!"

बाई ओळीतल्या शेवटच्या पोरामागं येऊन थांबल्या होत्या. रोजच्यासारख्या रेडिओ घेऊन निघाल्या असताना त्यांना पाळीच्या तोंडाशी डहाळीच्या जागी नुसतं भोक दिसलं होतं. रेडिओ गुरगुरत होता. समोर कुठंतरी एक पोरगं रडत होतं, पण तेही न हलता, नुसतं नाकातून. नामदेवभाऊ बांधीतून, तारेजवळच्या खांबाकडे धावत आले. त्यांच्या हातात वाळलेला बांबू होता. त्यांना त्या ओळीच्या टोकाला आपला पोरगा दिसला असावा, कारण त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. विनोदचा एक पाय जमिनीवर होता. दुसरा उचललेला, तसाच हवेत. पायाच्या पुढं तार.

तो पाय थरथरत होता. खाली आला नाही.

बांबू खांबावर आपटला. आकडा सुटून चिखलात पडला. रेडिओची गुरगुर एकदम बंद झाली, नुसती खरखर राहिली.

तरी बाईंनी 'माती' म्हटलं नाही. त्या पाळीवरून खाली उतरल्या, चिखलातून आमच्या बाजूनं एकेका पोराला ओलांडत पुढं गेल्या. तारेपाशी वाकल्या. उलटा हात लावला. काही नाही. पुन्हा लावला. मग त्यांनी हात वळवला आणि ती तार मुठीत धरली. घट्ट, बोटं पांढरी होईपर्यंत. आणि तशाच उभ्या राहिल्या. नामदेवभाऊ त्यांच्या समोर होते. बाई त्यांच्याकडे बघत होत्या, आणि नव्हत्याही.

"माह्या भावानं अशी धरली होती," त्या म्हणाल्या. "धानाच्याच बांधीत. मी त्याले नुसतं म्हणत राह्यली, सोड, सोड."

मग त्यांनी मूठ उघडली. "माती," इतकं हळू म्हणाल्या की मागच्यांना ऐकूच गेलं नाही. विनोदचा पाय खाली आला आणि तो बसला. मागं आम्ही तसेच उभे होतो. शेवटी त्यांना पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं.

नामदेवभाऊंनी त्या दिवशी तार गुंडाळली. धानावर माळा, म्हणजे मचाण, बांधून ते जागायला लागले, टिनाचा डबा वाजवत. डुकरांनी त्या वर्षी त्यांची अर्धी बांधी खाल्ली. त्याबद्दल ते बाईंना एक शब्द बोलले नाहीत. गावातल्या बाकीच्यांनी तार सोडली असं मी म्हणणार नाही. पण आमच्या पाळीवर पुन्हा लागली नाही. मी शिकले, वडशाला कॉलेजात गेले, आमच्या टोल्यातली पहिली पदवी माझी. त्यासाठी मला आधी त्या पाळीवरून जिवंत जावं लागणार होतं, हे मी विसरत नाही.

पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली. फाट्यावर एसटी आली तेव्हा सगळी शाळा आली होती. आजाही आला होता, होकायंत्र गळ्यात दोरीला बांधून. बाईंनी दाराच्या दांड्याला उलटा हात लावला, मग धरला, चढल्या. गाडी हलली आणि विनोद रडत मागं पळाला. त्याच्या मागं आम्ही सगळे, चाकांच्या धुळीत. खिडकीतून बाईंचं डोकं बाहेर आलं.

"दगड!"

आम्ही थांबलो. हात छातीशी. त्यांनी आमच्याकडे एकदा नीट पाहिलं, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जसं पाळीवर पाहिलं असेल. मग गाडी सागांमध्ये वळली.

आम्ही उभे होतो. आवाज गेला. धूळ खाली बसली. गालावरून पाणी ओघळत होतं आणि कुणी पुसत नव्हतं. फाट्यावर चाळीस पोरं उभी आणि एक हालचाल नाही. तेवढ्यात एक सायकलवाला आला. तो आमच्याकडे पाहून उतरला आणि सायकल हातात धरून, कडेकडेनं, घाईनं निघून गेला.

बऱ्याच वेळानं आजा आमच्या पुढं येऊन उभा राहिला. त्यानं घसा साफ केला.

"माती," तो म्हणाला.

पण ते बाईंनी नाही, त्यानं म्हटलेलं होतं. विनोद हलला नाही.